मूळ लेखकाचा पत्ता

३ सप्टेंबर

मावशीला, तिच्या भिंगरीकडून नमस्कार आणि लांबूनच एक घट्ट मिठी.

नमनाला घडाभर तेल घालत नाही, सरळ बातमी सांगते. डिसेंबरचा पहिला आठवडा मोठ्या थिएटरनं आम्हाला दिला! सहा वर्षं शाळांच्या हॉलमध्ये, मागे फळ्यावर कालचं गणित तसंच ठेवून प्रयोग केले. आता खरा पडदा, खरे दिवे आणि न करकरणाऱ्या खुर्च्या. आणि नाटक कुठलं बसवतेय सांगू? तुझं. म्हणजे तू अनुवाद केलेलं ‘नकलनवीस’.

ग्रंथालयात मागच्या कपाटात सापडलं. लहानपणी आईकडून नुसतं ऐकलं होतं, की मावशीनं लग्नाआधी एका परदेशी नाटकाचा अनुवाद केला होता म्हणून. उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि संपेपर्यंत बसायचं सुचलं नाही. काय नाटक आहे गं! दप्तरखान्यात जुन्या कागदांच्या नकला करणारा एक फाटका कारकून. मेलेल्या थोर कवीच्या हस्ताक्षरात तो स्वतःच्या कविता लिहितो आणि ‘दप्तरात सापडल्या’ म्हणून पुढे करतो. सगळं शहर त्या कवितांवर जीव टाकतं. मग कुणालातरी संशय येतो, चौकशी समिती बसते. आणि शेवटी समिती विचारते, ‘या तू लिहिल्यास का?’ तेव्हा तो फक्त म्हणतो, ‘कविता चांगल्या आहेत ना? मग मला कशाला मध्ये आणता?’ आणि पुन्हा नकला करायला बसतो. मी तिथेच रडले. शेजारच्या आजोबांनी रुमाल पुढे केला.

तालमी सुताराच्या कारखान्यावरच्या माळ्यावर चालतात. खाली करवत सुरू झाली की आम्ही गप्प, करवत थांबली की संवाद. कारकुनाचं काम आमचे दातांचे डॉक्टर करतायत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की सगळ्यांचे उच्चार आपोआप स्वच्छ होतात.

आता काम. थिएटरच्या व्यवस्थापकांना मूळ लेखकाची, तो नसेल तर वारसांची, लेखी परवानगी हवी आहे. त्याशिवाय तिकिटावर नाटकाचं नाव छापणार नाहीत म्हणतात. तेव्हा त्याचा पत्ता पाठव, आणि मूळ पुस्तक असेल तर तेही.

काकांची प्रस्तावनाही वाचली. अकरा पानं! ‘मूळ नाटक मी तीनदा वाचले आहे’ असं पहिल्याच ओळीत. आणि तुला काढलेला चिमटा: ‘अनुवाद नेटका आहे, परंतु मूळ लेखकाची उंची अनुवादिकेला गाठता आलेली नाही.’ एवढं छापून आणणाऱ्या माणसाशी तू लग्न केलंस? धन्य आहेस.

तुझी भिंगरी


१० सप्टेंबर

भिंगरे, तुला पोटभर आशीर्वाद.

थिएटर मिळालं हे वाचून इतका आनंद झाला की दूध उतू गेलं. शेगडी पुसून मग हे लिहायला बसले.

पण राणी, नाटक दुसरं घे ना. ते फार जुनं झालं गं. आता कोण दप्तरखान्यात बसून नकला करतं? लोकांना हसायला हवं असतं. तुझ्या गेल्या वर्षीच्या नाटकातली ती भांडखोर घरमालकीण किती छान होती.

पत्ता माझ्याकडे नाही. मी तेव्हा बोटींच्या कंपनीत परदेशी पत्रव्यवहार बघायची. कुठल्याशा बोटीवरच्या माणसानं पुस्तक वाचायला दिलं होतं, ते त्याला परत केलं. त्यालाही आता चाळीस वर्षं झाली. लेखक तर तेव्हाच म्हातारा होता म्हणे. वारस असतील-नसतील.

काकांना यात ओढू नकोस. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरतात आणि माझ्यावर चिडतात. आणि हो, फोनवरही हा विषय काढू नकोस. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज एवढा मोठा ठेवलाय की जिन्यातून जाणाऱ्यालासुद्धा सगळं कळतं. जे काय असेल ते पत्रानंच कळव, माझ्या नावानं.

पावसाची ओल आहे, माळ्यावर शाल घेऊन बस.

मावशी


२४ सप्टेंबर

मावशी,

घोडं पेंड खातंय गं. त्या देशातल्या लेखकांच्या संघटनेला पत्र टाकलं होतं. काल उत्तर आलं: ‘या नावाचा नाटककार आमच्या नोंदीत नाही.’ दोन मोठ्या ग्रंथालयांनाही विचारलं, त्यांनीही कानावर हात ठेवले. मला वाटतं तू नावाचं स्पेलिंग चुकवलंस. आठवून बघ ना.

व्यवस्थापक वीस ऑक्टोबरपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यानंतर तो आठवडा दुसऱ्या संस्थेला जाईल. आणि मी दुसरं नाटक घेणार नाही, ते तू मनातूनच काढून टाक. डॉक्टरांचे संवाद पाठ झालेत. परवा एका पेशंटचा दात काढताना ते ‘मला कशाला मध्ये आणता?’ म्हणाले आणि पेशंट उठून पळाला.

एक चांगलं झालं. वर्तमानपत्रातल्या एका बाईंना ही शोधाशोध फार आवडली. रविवारच्या अंकात छापणार आहेत: ‘मूळ नाटककार कुणाला माहीत आहे का?’ काहीतरी धागा मिळेलच.

आणि मला राहून राहून वाटतं, पुस्तक तुमच्याच घरात आहे. काकांनी तीनदा वाचलंय म्हणजे ते त्यांच्या कपाटात असणार. पुस्तक उसनं द्यायचं म्हटलं की त्यांच्या पोटात दुखतं, ते काय मला माहीत नाही? तू मध्ये पडू नकोस. पुढच्या शनिवारी मी येते आणि त्यांनाच लाडीगोडी लावते.

भिंगरी


२७ सप्टेंबर

भिंगरे,

शनिवारी येऊ नकोस. आलीस तरी ह्यांना काही विचारू नकोस. आधी हे पत्र पूर्ण वाच, आणि वाचताना आसपास कुणी नाही ना ते बघ.

पुस्तक आमच्या घरात नाही. ते कुठेच नाही. तो लेखकही कुठे नाही. नाटक मी लिहिलं.

आता श्वास घे आणि पुढचं वाच.

मी सव्वीस वर्षांची होते. ऑफिसात दुपारी बोटींची पत्रं आली नाहीत की तासभर मोकळा मिळायचा. त्या तासातासात सात महिन्यांनी ‘नकलनवीस’ पुरं झालं. इथल्या नाटक मंडळाच्या दिग्दर्शकांकडे घेऊन गेले. त्यांनी पानंसुद्धा उलटली नाहीत. म्हणाले, ‘कारकून, कवी, समिती... तुम्ही कशाला एवढ्या मोठ्या विषयात शिरता बाई? घरगुती काहीतरी लिहा.’

घरी येऊन मी फक्त पहिलं पान बदललं. आमच्या एका बोटीच्या कप्तानाचं नाव घेतलं, दुसऱ्या बोटीच्या खलाशाचं आडनाव लावलं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘अनुवाद’. दोन महिन्यांनी तेच कागद त्याच माणसाकडे दिले. आठवड्यात बोलावणं आलं. टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘याला म्हणतात नाटक!’

मला वाटलं होतं, प्रयोग झाला की हसत हसत सांगून टाकू. पण प्रयोग गाजला, पुस्तक निघालं, आणि प्रकाशकांनी प्रस्तावनेसाठी गाठलं कुणाला, तर कॉलेजात नुकत्याच लागलेल्या एका हुशार प्राध्यापकाला. तेच तुझे काका. मूळ पुस्तक मागायला ते माझ्या ऑफिसात आले. मी ठरवलेलं उत्तर दिलं, की ज्याचं होतं त्याला परत केलं. तर ताठ बसून म्हणाले, ‘हरकत नाही. मी वाचलेलं आहे ते. तीनदा.’

जे पुस्तक जगात नाही ते या माणसानं तीनदा वाचलं होतं! पण त्यांचे कान लाल झाले होते गं. शाळेतल्या पोरासारखे लालबुंद. मला हसूही आलं आणि मायाही वाटली. ज्याला धड खोटं बोलता येत नाही, असा माणूस आयुष्यात असलेला बरा, असं मनात आलं. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

त्यांना आजही वाटतं की पुस्तक खरंच आहे, आणि त्यांनी ते वाचलेलं नाही याचा मला पत्ता नाही. कॉलेजात त्यांनी हे नाटक वीस वर्षं शिकवलं. आता सगळं बाहेर आलं तर लोक मला हसणार नाहीत, त्यांना हसतील. म्हातारपणी मला ते नको आहे. म्हणून सांगते, दुसरं नाटक घे. एवढं एक माझं ऐक.

हे पत्र फाडून टाक.

मावशी


१ ऑक्टोबर

मावशे, अगं मावशे!

फाडलं नाही. फाडणारही नाही.

आधी मी इतकी हसले की खालून सुतार विचारायला वर आले. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. तू लिहिलंस! मला ज्या ओळींनी रडवलं त्या तू, माझ्या मावशीनं, बोटींच्या पत्रांच्या मधल्या वेळात लिहिल्यास. आणि चाळीस वर्षं मूग गिळून बसलीस? शाळेत माझे निबंध तू तपासायचीस. ‘छान आहे, पण शेवटाची घाई करू नकोस’ म्हणायचीस. तेव्हा तरी म्हणायचंस की मलाही यातलं थोडं कळतं!

आणि मग प्रस्तावनेतलं ते वाक्य आठवलं. ‘मूळ लेखकाची उंची अनुवादिकेला गाठता आलेली नाही.’ मी त्यावर विनोद केला होता, माफ कर. एक विचारते, खरं सांग. ‘नकलनवीस’नंतर तू काहीच का लिहिलं नाहीस?

मी दुसरं नाटक घेणार नाही. तुझं नाव घालूनच हे करायचं. तू परवानगी दे, प्रश्न मिटला. काकांचं आपण सांभाळून घेऊ.

भिंगरी


३ ऑक्टोबर

भिंगरे,

नाही म्हणजे नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि पुन्हा हा विषय नको. लिहिणं सुटलं ते त्या वाक्यामुळेच. मला माझीच उंची गाठता आली नाही, असं एका शिकल्यासवरल्या माणसानं छापून आणलं होतं. वेडेपणाच आहे, मला कळतं. पण कागद पुढे घेतला की तेच वाक्य आठवायचं. मग मी ते कागद किराण्याच्या यादीला वापरायला लागले. त्यांनी मला दुसरं काहीही कमी केलं नाही. आजारपणात उशाशी बसलेत, माझ्या ऑफिसच्या डब्याची पोळीसुद्धा लाटलीय, वाकडी का होईना. एका वाक्यासाठी मी त्यांना लोकांपुढे उभं करणार नाही.

व्यवस्थापकांना सांग, लेखक सापडत नाही.

मावशी


५ ऑक्टोबर
(गोपनीय)

चि. भिंगरीस,

तुझ्या काकांचे अनेक आशीर्वाद. माझे पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. मलाही वाटते आहे, कारण हे मी न्हाणीघराशेजारच्या स्टुलावर बसून, तुझी मावशी भाजी आणायला गेली असताना लिहीत आहे. ती परतायच्या आत शेजाऱ्यांच्या मुलीकडे टपालात टाकायला द्यायचे आहे, म्हणून थोडक्यात.

रविवारच्या अंकात वाचले की तू मूळ नाटकाचा शोध घेते आहेस. तुझ्या चिकाटीचे कौतुक वाटले. भिंगरी, ते नाटक मी वाचलेले नाही. एकदाही नाही. त्या वेळी मी नवा होतो. प्रकाशकांनी विचारले तेव्हा ‘हा लेखक मला माहीत नाही’ असे म्हणायला जीभ रेटली नाही. नंतर पुस्तक मागायला एका ऑफिसात गेलो. तिथे समोर एक तरतरीत मुलगी बसली होती, आणि तिच्यापुढे अडाणी ठरायची माझी तयारी नव्हती. तीनदा वाचले म्हणालो. एकदा म्हटले असते तरी चालले असते.

पुढे वीस वर्षे मी ते पुस्तक शोधले. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक यादीत पाहिले. मिळाले असते तर गुपचूप वाचून खोटे खरे करून टाकले असते. मिळाले नाही.

आता विनंती. तुला ते सापडले तर आधी माझ्याकडे पाठव, मावशीकडे नको. तिने ज्या माणसाशी लग्न केले तो ते पुस्तक वाचलेला होता. चाळीस वर्षांनी तिला वेगळाच माणूस दाखवायचा मला धीर होत नाही.

दार वाजले. थांबतो.

तुझे काका


८ ऑक्टोबर

काकांना भिंगरीचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी माळ्याच्या जिन्यात बसून राहिले. खाली करवत चालू होती म्हणून बरं, कुणाला माझं ऐकू गेलं नाही. हसत होते की रडत होते, ते विचारू नका.

तुमचं गुपित मी कुणालाही सांगणार नाही. पण मला विचाराल तर तुम्ही स्वतः मावशीला सांगा. घाबरू नका. आणि पुस्तकाचं म्हणाल तर काका, मूळ नाटकाबद्दल तिला माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त माहीत आहे. तिलाच विचारा. यापेक्षा एक शब्दही जास्त बोलले तर माझ्यावरचा दुसऱ्या कुणाचा तरी विश्वास मोडेल.

वीस तारखेला मला थिएटरला उत्तर द्यायचंय. पण त्यासाठी हे करू नका. तुमच्या दोघांसाठी करा.

तुमची भिंगरी


१७ ऑक्टोबर

भिंगरे,

तू लबाड आहेस. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण त्यात तुझा हात आहे हे आता मला कळलंय.

गेल्या सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. हे काठी टेकत आले, समोरच्या खुर्चीवर बसले, आणि माझ्या पातेल्यातले दाणे उगाचच एका बाजूला सारायला लागले. म्हटलं आता काहीतरी येतंय.

‘मला एक कबूल करायचंय,’ म्हणाले. ‘ते मूळ नाटक मी वाचलेलं नव्हतं.’

‘मला माहीत आहे,’ मी म्हटलं.

‘काय माहीत आहे?’

‘तुम्ही ते वाचलं नव्हतं ते.’

‘तुला कसं माहीत?’

‘कारण ते नव्हतंच.’

‘नव्हतंच! मीही तेच म्हणतो,’ ते एकदम जोरात म्हणाले. ‘सगळी ग्रंथालयं पालथी घातली मी. कुठल्याच ग्रंथालयात नव्हतं!’

‘अहो, ग्रंथालयात नाही. जगातच नव्हतं. मी लिहिलं ते.’

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. कानातलं यंत्र काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. मी पुन्हा सांगितलं. मग हसले गं, इतके हसले की खुबा धरून बसले. मीही हसले. वाटलं, सुटलो. चाळीस वर्षांचा गुंता मटार सोलता सोलता सुटला.

पण मग त्यांनी डोळे पुसून काठी घेतली. उठले, कपाटाशी गेले, पुस्तक काढलं आणि प्रस्तावना वाचायला लागले. उभ्यानं. नवव्या पानावर, त्या उंचीच्या वाक्याशी थांबले. मला न बघता म्हणाले, ‘यानंतर तू काही लिहिलं नाहीस.’

मी म्हटलं, ‘अहो, नोकरी होती, घर होतं, तुमची आई अंथरुणाला...’

‘खरं सांग.’

मी खरं सांगितलं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत. मी चिडले. म्हटलं रुसायचा हक्क कुणाचा, तुमचा की माझा? तर म्हणाले, ‘मी रुसलो नाही. मला तुझ्यासमोर तोंड कुठे आहे?’ मी भांडी आपटली आणि त्यांनी ऐकून घेतलं.

बुधवारी सकाळी बघते तर खुर्ची रिकामी. ऑपरेशननंतर हा माणूस पहिल्यांदाच एकटा जिना उतरून, रस्ता ओलांडून टपालपेटीपर्यंत गेला होता. परत आले ते घामानं डबडबलेले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, ‘एका चुकीची दुरुस्ती छापायला दिली.’

शुक्रवारी वर्तमानपत्रात आलं. कात्रण सोबत आहे, पण मला पाठच झालंय: ‘चाळीस वर्षांपूर्वी एका नाटकाच्या प्रस्तावनेत मी मूळ ग्रंथ वाचल्याचे लिहिले. ते खोटे होते. मूळ ग्रंथ परदेशी नाही. तो लिहिणारी व्यक्ती माझी पत्नी आहे. तिच्या उंचीविषयी मी केलेले विधान अज्ञानातून आलेले आहे आणि ते मी मागे घेतो.’ खाली पूर्ण नाव, पदवी, सगळं.

मी वाचलं आणि आधी त्यांच्यावर ओरडले, की तुम्ही मला न विचारता हे का केलंत? लोक हसतील तुम्हाला! म्हणाले, ‘हसू देत. माझ्या वाक्याला तू इतकी वर्षं घाबरलीस, आता मी लोकांच्या वाक्यांना थोडा घाबरतो.’

फोन सारखा वाजतोय. कॉलेजातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं हसून हसून घेतलं. ह्यांनी मुकाट्यानं ऐकलं. एका जुन्या विद्यार्थ्यानं तर कमालच केली. म्हणाला, ‘सर, मूळ नाटक न वाचता उत्तर लिहिलं म्हणून तुम्ही मला नापास केलं होतं!’ फोनचा आवाज मोठा, त्यामुळे मीही स्वयंपाकघरातून ऐकलं. ह्यांनी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘जाऊ द्या सर, मी तेव्हा अनुवादही वाचला नव्हता.’

आता तुझं काम. व्यवस्थापकांना द्यायला एक कागद जोडलाय: ‘मूळ लेखिका या नात्याने प्रयोगाला परवानगी देत आहे.’ लेखिका म्हणून पहिलीच सही, म्हणून जरा वाकडी आलीय. पत्ता तुला ठाऊकच आहे.

मावशी


६ डिसेंबर

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. लग्न ठरल्यावरही लिहिलं नव्हतं, एकाच गावात होतो, रोज भेट व्हायची ना. भिंगरीच्या खोलीत खिडकीपाशी बसलेय. ती अजून झोपलीय. दमलीय पोर. प्रयोग कसा झाला हे तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं, पण मला ते सगळ्या जिन्याला ऐकवायचं नव्हतं.

सात तासांचा प्रवास तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला करू दिला नाही ते बरंच झालं. शेजारी तुम्ही असतात तर मी नाटकाऐवजी तुमच्याकडेच बघत बसले असते.

थिएटर भरलं होतं. भिंगरी म्हणत होती, सुरुवातीला स्टेजवर ये, तुझी ओळख करून देते. मी नाही म्हटलं. मला लोकांमध्ये बसून बघायचं होतं. सातव्या रांगेत कडेची खुर्ची घेतली. दातांचे डॉक्टर काय काम करतात हो! पहिल्या अंकात ते टेबलाशी बसून बोरू पुसतात. मी लिहिलंय फक्त ‘बोरू पुसतो’. त्यांनी असा पुसला की लोक श्वास रोखून बघत राहिले. दुसऱ्या अंकात एक वाक्य मला अजिबात आठवेना. म्हटलं, हे भिंगरीनं घातलं की काय? मग आठवलं, माझंच आहे. त्या दिवशी ऑफिसात बोट उशिरा आली होती आणि मला दोन तास मिळाले होते.

समितीचा प्रवेश झाला. डॉक्टर ‘मला कशाला मध्ये आणता?’ म्हणाले आणि नकला करायला बसले. पडदा पडला. टाळ्या किती वेळ चालल्या ते भिंगरी सांगेलच, ती मोजूनमापून वाढवून सांगेल. मी तुम्हाला दुसरंच सांगणार आहे.

लोक उठायला लागले. माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ होते, साधारण तुमच्या वयाचे, हातात कोट. जाहिरात न बघताच आले असावेत. बायकोला म्हणाले, ‘चांगलं होतं. पण मूळ परदेशी नाटक असणार, आणि ते यापेक्षा चांगलं असणार.’

मी आयुष्यात कधी अनोळखी माणसाच्या बोलण्यात तोंड घातलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. पण मी मागे वळले. म्हटलं, ‘मूळ हेच आहे. मी लिहिलंय.’

मला वाटलं आता हसतील, नाहीतर छान छान म्हणून निघून जातील. पण त्यांनी कोट खुर्चीवर ठेवला आणि चांगलेच तावातावानं म्हणाले, ‘तुम्ही लिहिलंय का? मग सांगा, तो शेवटी गप्प का बसला? नुसतं ‘मी लिहिल्या’ म्हणायला काय जात होतं त्याचं? मला नाही पटलं ते!’ त्यांची बायको त्यांची बाही ओढायला लागली. ते हलेनात.

अहो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, की असं का लिहिलंत? मी बसले, ते बसले, त्यांची बायकोही शेवटी बसली. झाडूवाल्या बाई दोन रांगा झाडून आमच्यापाशी येऊन थांबल्या, तरी आम्ही भांडत होतो.

शेवटी मी त्यांना खरं ते सांगितलं. म्हटलं, ‘सव्वीस वर्षांची होते तेव्हा मला ते पटलं होतं. आता मलाही पटत नाही.’

तुमची मी